न बोलणाऱ्या जासुदाचा गुडघा

फार फार वर्षांपूर्वी डोंगरांनी वेढलेलं एक छोटंसं राज्य होतं. तिथल्या वाटा इतक्या अवघड, की घोड्यांचं काही चालत नसे. राजाचे निरोप जासूद पळत पळत पोचवत.

जासुदांना पहिल्याच दिवशी शपथ घ्यावी लागे: कोणी पकडलं, मारलं, गोड बोललं, तरी तोंड उघडायचं नाही. शपथ सगळेच पाळत. एक तरुण जासूद मात्र ती जरा जास्तच पाळायचा. बायकोने "आमटीत मीठ बरोबर आहे का?" असं विचारलं, तरी हा आपला हाताची घडी, तोंडावर बोट!

एकदा त्याचा उजवा गुडघा दुखू लागला, आणि दसरा तर तोंडावर आलेला. दसऱ्याला जासुदांची पारख होई. जो न थांबता गड चढेल त्याची जासुदी टिके. जो मध्येच बसेल त्याला कोठारावर उंदीर हाकायला पाठवत. धावणं सुटलं तर आपलं काय होणार, या विचाराने त्याच्या घशाखाली घास उतरेना.

शेवटी बायकोनेच त्याला मालिशवाल्या काकांकडे पिटाळलं.

काकांनी तेल कोमट केलं आणि विचारलं, "कुठं दुखतंय? पळताना, की बसून उठताना?"

"काही नाही, काका. जरा पाय चोळा."

काका चोळू लागले. "जोर जास्त होतोय का?"

"नाही," जासूद दात आवळून म्हणाला. मग काकांनी जोर आणखी वाढवला.

दुसऱ्या दिवशी मांडी काळीनिळी झाली. जासूद लंगडत आला आणि ओरडला, "काका, होता तो पायही घालवलात!"

काकांनी मांडी पाहिली आणि त्यांना वाईट वाटलं. "जोर जास्त झाला खरा. पण मी विचारलं, तेव्हा तू नाही म्हणालास. असं का रे?"

"दुखतं म्हणून सांगायचं नसतं. आम्ही जासूद आहोत."

"अरे बाबा, मी काय शत्रूचा माणूस आहे? ताकाला जाऊन भांडं लपवतोस होय?"

जासुदाला हसू फुटलं, आणि मग डोळ्यांत पाणीही आलं. तो म्हणाला, "काका, उतारावर गुडघ्याच्या बाहेरून कळ येते. मला फार भीती वाटते हो."

काकांनी मांडीचा काळेनिळेपणा जाईपर्यंत हात लावला नाही. मग हलक्या हाताने ते गुडघ्यापासून वर वर चाचपत गेले. कमरेच्या बाजूला बोट टेकताच जासूद कळवळला, "आई गं! तिथेच, काका!"

"सापडलं! दुखतंय गुडघ्यात, पण गाठ बसलीय इथं वर. आता किती सोसवतंय, ते सांगत राहा. दाबल्यावर हवंहवंसं, 'गोड' दुखलं तर ठीक. श्वास अडकला, की मी थांबणार."

जासूद सांगत गेला, काका हात हलका-जड करत गेले. हळूहळू गाठ सैल झाली आणि जासुदाने एवढा मोठा सुस्कारा सोडला, की ओसरीवरचं मांजर पळालं.

"उद्या अंग थोडं ठणकेल, घाबरू नकोस," काका म्हणाले. "पाणी पी, पाय ताण, पण लगेच पळू नकोस. गाठ काही एका दिवसात बसलेली नाही, मग ती एका दिवसात जाणारही नाही."

या वेळी जासुदाने ऐकलं. तो सांगितल्या दिवशी येत राहिला, दुखलं की दुखलं म्हणाला.

दसऱ्याला तो गड चढला. पहिला आला नाही, मधल्यांत आला. पण कुठेही न बसता आला. दरवाजाला हात लागला तेव्हा त्याने उजवा पाय हलवून पाहिला. कळ नव्हती! तो तिथेच पायरीवर बसून पोट धरून हसला, आणि पारख करणाऱ्याने त्याच्या कमरेला पुन्हा जासुदाचा पट्टा बांधला.

म्हणून सांगतो, बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो: जो बरं करायला बसलाय, त्याच्यापासून दुखणं लपवू नये.