मूळपुरुषाचे भाऊबंद

राजाला डोंगरातल्या गुहेत आपला मूळपुरुष सापडला आणि धुरपाच्या मेंढरांवर घर सोडायची पाळी आली.

झालं असं. रायाजीराजे शिकारीला निघाले, शिकार मिळाली नाही, ऊन मात्र भरपूर मिळालं. सावलीला म्हणून ते धुरपा धनगरणीच्या गुहेत शिरले. आत भिंतीवर गेरूने काढलेली जुनी चित्रं होती. किती जुनी, ते डोंगरालाही सांगता आलं नसतं. एकमेकांचे हात धरून माणसांची एक रांग नाचत होती आणि मधला एक इतरांपेक्षा उंच होता. राजे त्याच्यासमोर थबकले. घराण्याचा अभिमान त्यांना एवढा, की कुठे उंच दगड दिसला तरी तो आपल्याच पूर्वजाने उभा केला असणार, असं त्यांना वाटे.

“शास्त्रीबुवा, हे कोण असावेत?”

धुंडिराजशास्त्री दरबारचे पंडित होते ते उगाच नाही. राजाला कोणतं उत्तर हवंय ते त्यांना प्रश्नाआधीच कळायचं. “महाराज, हे तर आपले मूळपुरुष. नाक पाहा ना! हुबेहूब आपलं.”

चित्रातल्या माणसाला नाकच नव्हतं. डोक्याच्या जागी एक वाटोळा ठिपका होता, बस्स. पण राजांना नाक दिसलं, आणि पाठोपाठ मूळपुरुषाच्या पायाशी रवंथ करत बसलेली मेंढरंही दिसली.

“आमचे मूळपुरुष लेंड्यांत उभे? गुहा आजच्या आज खाली करा.”

धुरपा कळपातून पुढे आली. पावसाळा तोंडावर होता. साऱ्या डोंगरात कोरडी जागा काय ती ही एवढीच. मेंढरं चिखलात राहिली की खूर कुजतात, आणि मग कळप हातचा जातो.

“सरकार, आमी कुटं जावं?” ती म्हणाली. “म्येंढरं भाईर ऱ्हायली तर मरत्याल. त्यापरीस तुमचा मूळपुरुसच घिऊन जावा की वाड्यात.”

राजे मुळात हट्टी, त्यात उन्हाने तापलेले. “ठीक. तूच आणून पोचव. पौर्णिमेला ते दरबारात हजर पाहिजेत. छिन्नी लावायची नाही, टवका उडता कामा नये. आणलंस तर गुहा तुझी. नाहीतर मेंढरं घेऊन चालती हो.”

पौर्णिमेला दरबार खच्चून भरला. भिंतीवरचं चित्र धनगरीण कशी उचलून आणते ते बघायला मुदपाकखान्यातले आचारीसुद्धा खांबाआड येऊन उभे राहिले. धुरपा आली ती हात हलवत.

“मूळपुरुष कुठे आहेत?” राजांनी विचारलं.

“निघाल्यात सरकार, पन अडल्यात.”

“कशामुळे?”

“एक म्हंजी, अंगावर चिंधी न्हाई. दरबारात असं नागडं कसं जायाचं, म्हनत्यात.”

कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसून घेतलं. राजांनी तिकडे रोखून पाहिलं. “पितांबर धाडू. दुसरं?”

“दुसरं जरा अवघड हाय. दोनी बाजूंनी त्येंचा हात धरल्याला हाय, आनि त्ये काई सोडंनात. शास्त्रीबुवा, तुमी शिकल्यालं. मूळपुरुसाचा हात धरून नाचनारी ही मानसं कोन असत्याल?”

असा सोपा प्रश्न शास्त्रीबुवांना बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. ते खुलले. “नोकरचाकर राजाचा हात धरायला धजणार नाहीत, आणि शत्रूबरोबर कुणी नाचत नाही. अर्थात सख्खे भाऊ!”

“मग सगळ्यांनाच आण,” राजे उदार झाले. “वाड्यात जागा काय कमी आहे?”

“मीबी त्येच म्हनलं. तर त्ये इचारत्यात, वाटनीचं काय?”

राजांचे चुलतभाऊ बाळोजीराव वाटणीच्या दाव्यात हरल्यापासून दरबारात फक्त झोपायला येत. ते खाडकन जागे झाले.

“वेडी आहेस का?” राजे म्हणाले. “चित्रं कधी वाटणी मागतात?”

“न्हाई मागत. पन चित्राला ल्येकरंबाळं हुत्यात, ह्ये तर तुमीच म्हनताय. मधल्याच्या वंशातलं तुमी. त्येच्या डाव्या हाताला हाय ना, त्यो आमचा. आमच्यात लगीन ठरलं की पैला भंडारा त्येच्या कपाळी लागतो, पार माझ्या आजेसासऱ्याच्या आधीपास्नं.” धुरपाने डोईवरचा पदर पुढे ओढला, दिरासमोर ओढावा तसा. “तवा भावजी, आमचा हिस्सा कवा देताय?”

राजांच्या हातातला विडा हातातच राहिला.

“वाटणी निघालीच आहे, तर आमचंही...” बाळोजीराव उठून उभे राहिले.

“तुम्ही बसा,” राजे गरजले.

‘भावजी म्हणून तर बसले, आता मान राहते की जाते?’ धुरपाच्या मनात आलं. पण मेंढरांची तोंडं डोळ्यांपुढे आली आणि ती जागची हलली नाही.

“न्हाईतर असंबी असंल सरकार,” ती हळूच म्हणाली. “शिकार झ्याक झाली म्हनून कुनीतरी नाचल्यालं. त्यो ना तुमचा, ना आमचा. मंग ऱ्हाऊ द्या बिचाऱ्याला म्येंढरांत. त्येला सवय हाय.”

राजांनी सावकाश मान वळवली. “शास्त्रीबुवा, ते नाक तुम्ही नीट पाहिलं होतंत ना?”

शास्त्रीबुवांनी उपरण्याने घाम टिपला. “महाराज, गुहेत अंधार होता. आता आठवून पाहतो, तर नाक असं काही नव्हतंच.”

राजे आधी मिशीत हसले, मग पोट धरून हसले, आणि राजेच हसताहेत म्हटल्यावर दरबारानेही आपलं साचलेलं हसू मोकळं केलं.

“जा बाई, गुहा तुझी,” राजे डोळे पुसत म्हणाले. “तुझ्या नातवंडा-पतवंडांचीही. आणि आमच्याकडून एक जरीचं लुगडं घेऊन जा.”

धुरपाने हात जोडले. “लुगडं नगं सरकार. दिराकडनं लुगडं घ्येतलं, तर उद्या लोक म्हनत्याल, नातं हुतंच की!”

राजे पुन्हा हसत सुटले, आणि लुगड्याऐवजी त्यांनी सगळा डोंगर तिच्या मेंढरांना चरायला देऊन टाकला.