दादाची शाल

शार्दूल मोठा रॉकस्टार. तो परदेशी दौऱ्यावर, म्हणून सांगलीतल्या कॉलनीने ठेवलेल्या त्याच्या सत्काराला धाकटी केतकी गेली. जन्मभर ती नुसती 'शार्दूलची बहीण'. दादाचं कौतुक निघालं की तिच्या पोटात दुखायचं.

कॉलनीचे अध्यक्ष कणसेकाका शाल-नारळ देताना माइकवरच म्हणाले, "एकाच घरात वाढलात. तो जगभर गाजला, मग तुझंच घोडं कुठे अडलं गं?"

मांडव हसला. केतकीने माइक ओढला.

"काका, दादाने गिटार हातात घेतली की तुम्ही पोलीस बोलवायचात. शेवटी वैतागून तो मुंबईला पळाला आणि मोठा झाला. माझ्याविरुद्ध तुम्ही कधी साधी तक्रारसुद्धा केली नाहीत."

मांडव पुन्हा हसला, पण आता सगळे काकांकडे बघत होते. केतकीने दादाची शाल उलगडून स्वतःच्याच खांद्यावर घेतली.