पायाखालचं घर

"...घरातच बसलेल्या माणसाला घरी कसं न्यायचं, अप्पा?"

वीरभद्र कोळगे विचारत होता. गावाबाहेरच्या टेकडीवर छोटासा मठ. ओसरीत रेवणय्या स्वामी वाती वळत बसलेले. सारं गाव त्यांना अप्पा म्हणे. वीरभद्र तर शाळेत जायच्या वयापासून त्यांच्या पायाशी बसत आलेला.

अप्पांनी मान वर केली नाही.

"कोण म्हणतं, घरी ने?"

"अव्वा. सकाळी उठली की तेच, जेवली की तेच. 'वीरू, मला घरी ने.' मी म्हणतो, अव्वा, हे घरच आहे. ती गप्प बसते. थोड्या वेळानं पुन्हा..."

अव्वा म्हणजे त्याची आई. काचबिंदूनं तिची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. पण तिनं कधी काठी धरली नव्हती. चहा स्वतः करून प्यायची. देवापुढं दिवा लावायची.

"आता काय करते?"

"काही नाही. खाटेवर बसून असते. पाय खाली सोडत नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं, डोकं थकतं."

"घर तेच ना?"

"तेच. फक्त नवं केलंय."

हे सांगताना त्याचा आवाज जरा वर चढला. तालुक्यातली कितीतरी घरं त्याच्या हातची होती. घर बांधायला काढलं की फरशी कुठली घ्यायची, हे विचारायला लोक त्याच्याकडंच यायचे.

"लोकांना मी खोली बघून सांगतो, अप्पा. स्वयंपाकघरात डाग न धरणारी घ्या, न्हाणीत खरखरीत घ्या, देवघरात संगमरवर. पण माझ्या घरात सगळीकडं एकच घातली. पांढरी, मोठी. सांधा दिसत नाही. अव्वासाठीच घातली."

"अव्वासाठी?"

"जुनी जमीन कशी होती, तुम्ही बघितलीय. प्रत्येक खोलीची वेगळी. एक उंच, एक सखल, मधे उंबरे. डोळे नसलेलं माणूस, पडलं म्हणजे? मी उंबरे काढून टाकले. सगळं घर एका पातळीत आणलं. घसरणार नाही अशी फरशी शोधून आणली. काम चालू होतं तोवर तिला धूळ नको म्हणून बहिणीकडं ठेवलं. परत आणली, ती अशी..."

अप्पांचे हात थांबले.

"याआधी पडली होती कधी?"

वीरभद्रानं आठवून बघितलं.

"...नाही."

अप्पांनी कापूस बाजूला ठेवला, उपरणं खांद्यावर टाकलं आणि टेकडी उतरू लागले.

घर खरोखरच सुंदर झालं होतं. दारातून आत पाहिलं तर पार मागच्या भिंतीपर्यंत एकच शुभ्र जमीन. अव्वा खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. वीरभद्राची बायको सुवर्णा तिला दूध घे म्हणत होती.

अप्पा खाटेपाशी खालीच बसले.

"अव्वा, मी मठातला रेवणय्या. कुठं जायचंय तुम्हाला?"

"घरी जायचंय, अप्पा. लेक चांगला आहे, पण नेत नाही."

"कसं आहे तुमचं घर?"

कितीतरी दिवसांनी अव्वाचा चेहरा सैल झाला.

"चांगलं आहे की. स्वयंपाकघरात शहाबादी. चुलीपुढची फरशी पायाला ऊन लागते. मग उंबरा. मग माजघर. तिथं तांबडा कोबा, गारगार. आमचे मालक होते तेव्हा उन्हाळ्यात तिथंच पडायचे. मग पुन्हा उंबरा. मग माझी खोली. सारवलेली. तिथं पाय ठेवला की..."

खाटेवरच तिचे पाय हलत होते.

"इथं नुसतं गार आहे, अप्पा. कुठंही जा, एकसारखं. ही लोकं राहतात कुठं?"

सुवर्णानं पदर तोंडाला लावला.

अप्पा उठले. वीरभद्राला त्यांनी खुणेनं उंबरा नसलेल्या दारात बोलावलं.

"चपला काढ. डोळे मीट."

त्यानं मिटले. अप्पांनी त्याचे खांदे धरून त्याला जागच्या जागी फिरवलं आणि सोडलं.

"आईच्या खोलीत जा."

वीरभद्र निघाला. ह्या घराच्या नव्या कामाचा नकाशा त्यानं स्वतः काढला होता. तो भराभर चालला, मग सावकाश, मग हात पुढं धरून. कपाळ भिंतीला लागलं. तो वळला. तळव्यांना गार, सपाट असं काहीतरी लागत होतं. पुढंही तेच. मागंही तेच...

"कुठं उभा आहेस?"

वीरभद्रानं पायानं आजूबाजूची फरशी चाचपली.

"ठाऊक नाही, अप्पा."

त्यानं डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी गालावर आलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं फरशी उखडायला घेतली.

सारा उन्हाळा त्यात गेला; तोवर अव्वाला पुन्हा बहिणीकडं ठेवलं. स्वयंपाकघरात पुन्हा शहाबादी आली. माजघरात तांबडा कोबा घातला, समोर बसून घोटून घेतला. दोन्ही उंबरे जुन्या जागी बसवले. अव्वाच्या खोलीत पांढरी माती आणून भुई केली, चोपली, आणि सुवर्णानं ती सारवली. रोज काम संपलं की वीरभद्र डोळे मिटून घरभर फिरायचा. शेवटी शेवटी तो कुठंच अडखळेना.

अव्वाला बहिणीकडून आणलं त्या दिवशी त्यानं अप्पांनाही बोलावलं.

त्यानं आईचा हात धरला. ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. तिनं पाय आत टाकला.

"शहाबादी," ती हळूच म्हणाली.

वीरभद्र तिच्या पावलांकडं बघत राहिला.

उंबरा आला. तिचा पाय आपसूक उचलला गेला.

"कोबा..."

तिनं त्याचा हात सोडला. एकटीच चालत आपल्या खोलीत गेली. सारवलेल्या भुईवर उभी राहिली. मग भिंतीच्या कडेकडेनं पायाच्या अंगठ्यानं काहीतरी चाचपू लागली. या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात. पुन्हा या कोपऱ्यात...

तिच्या वावरानं जुन्या भुईला पडलेले खळगे इथं नव्हते; भुई नवी होती, सपाट होती. अंगठा कुठंच अडला नाही.

अव्वा वळली. तिचा चेहरा शांत होता, परक्याच्या दारात गेल्यावर असतो तसा.

"छान आहे घर," ती म्हणाली. "अगदी आमच्या घरासारखं. कुणाचं हो?"

वीरभद्र तिथंच भुईवर बसला.

अव्वा उत्तराची वाट बघत खोलीत उभी होती, हात पुढं बांधून.

"अप्पा..." तो म्हणाला. "तुम्ही सांगा ना तिला."

"तू सांग."

"काय सांगू?"

अप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"'तुझंच आहे' म्हणू नकोस. 'राहा' म्हण."