पत्ताकोबी

"मग मी खोटं काय सांगितलं, भंतेजी?"

सुगत इंगोले विहाराच्या पायरीवर उभा होता. आहारशास्त्राचा प्राध्यापक. गावोगावी त्याची व्याख्यानं होत. ध्यान शिकायला तो तीन वर्षं भंते शीलवंशांकडे येत होता.

गेल्या रविवारी त्याच विहारात त्याचं भाषण झालं होतं. पत्ताकोबी, फुलकोबी, ब्रोकोली, मुळा, मोहरीचा पाला... सगळी एकाच कुळातली भाजी. ती नेहमी खाणाऱ्यांत आतड्याचा कर्करोग कमी आढळतो, असं त्यानं सांगितलं होतं.

शेवटी कुंदाबाई तायडे उठल्या होत्या. त्यांचे यजमान वर्षापूर्वी त्याच रोगानं गेले.

"साहेब, माये मालक वाचले असते का?"

"ही भाजी खाल्ली असती तर? नक्की."

लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कुंदाबाई खाली बसल्या होत्या.

आज गुरुवार. भंतेजींनी त्याला निरोप धाडून बोलावलं होतं.

"खोटं काय सांगितलं?" त्यानं पुन्हा विचारलं.

भंतेजी म्हणाले, "कुंदाबाई चार दिवस नुसत्या चहावर आहे."

सुगत एक पायरी वर चढला.

"का?"

"तू म्हणालास, नक्की."

"अभ्यासातलंच सांगितलं."

"तुझ्या अभ्यासात 'नक्की' लिहिलंय?"

"नाही. धोका कमी होतो, असं दिसतं. काही पाहण्यांत तेवढंही दिसत नाही. एकेका माणसाचं तर... कुणालाच सांगता येत नाही."

"मग नक्की कुठून आलं?"

सुगतला रविवारच्या टाळ्या आठवल्या.

भंतेजी विहारामागच्या वाफ्यात गेले. एक पत्ताकोबी कापून आणली आणि त्याच्या हातात दिली.

"कुंदाबाईंना काय सांगू?" सुगतनं विचारलं.

भंतेजी आत निघून गेले.

कुंदाबाईंचं दार उघडंच होतं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ कोरडे पडलेले. चूल थंड.

"त्यायले पत्ताकोबीचा वासई चालत नव्हता," त्या आपणच बोलू लागल्या. "म्हणून मी आलूच करत राहिली. तीस वर्षं. मीच मारलं ना, साहेब?"

सुगत त्यांच्यासमोर बसला. तीन-चारशे भाषणं त्यानं दिली होती. त्यातली वाक्यं कुणाच्या घरी जाऊन काय करतात, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "मी चुकलो, मावशी. ते वाचले असते का, मला ठाऊक नाही."

"मंग तवा कसं ठाऊक होतं?"

"तेव्हाही नव्हतं."

कुंदाबाई भिंत सोडून पुढं सरकल्या.

"मंग काहून बोलले?"

"लोक ऐकत होते म्हणून."

त्या रडल्या. यजमान गेल्यापासून पहिल्यांदाच असं मोठ्यानं रडल्या, हे शेजारणीनं त्याला नंतर सांगितलं.

सुगतनं विळी ओढली. पत्ताकोबी आडवी धरून कापू लागला. तुकडे कुठले जाड, कुठले पातळ. ही भाजी त्यानं आजवर कधी स्वतः चिरली नव्हती.

"असं नाही कापत," कुंदाबाई म्हणाल्या. डोळे पुसून त्यांनी विळी आपल्याकडे घेतली.

मोहरी तडतडली. दोघं जेवले. कुंदाबाईंनी अर्धी भाकर खाल्ली, मग उरलेली अर्धी.

दिवस मावळायच्या आत सुगत विहारात परतला.

"भंतेजी, आता मी या विषयावर बोलणार नाही."

"तिला काय सांगितलंस?"

"मला ठाऊक नाही, एवढंच."

"मग?"

"मग ती जेवली."

भंतेजी वाफ्याला पाणी देत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"इतकी वर्षं बोललास. आज पहिल्यांदा तुझ्या शब्दानं कुणाच्या पोटात भाजी गेली."