मातीला दिलेला हुकूम

गडावरच्या देवीला वाहायला किल्लेदार घंटा ओतून घेत होते. मुशीतले कासे वितळून पाण्यासारखे हलू लागले, तसा तुळाजी ओताऱ्याने साच्यावर तळवा टेकवला. साचा अजून ओला होता. ओल्या मातीत तापलेला रस पडला की साचा फुटणार आणि रस अंगावर उडणार. मूस धरायला त्याचा सख्खा भाऊच उभा होता.

"सरकार, साचा वाळू द्या. परवा ओततो."

किल्लेदार रायाजीराव पालखीतून उतरलेही नाहीत. "जोशीबुवांनी मुहूर्त आजचा काढलाय. या गडावर माझ्या हुकमाशिवाय पान हलत नाही. ओत, नाहीतर दोघांचा कडेलोट!"

भावाने तुळाजीकडे पाहिले. तुळाजीने मुजरा केला, साच्याची उरलेली ओली माती पालखीसमोर ठेवली आणि पळीने रसाचे दोन थेंब तिच्यावर सोडले. फाडकन आवाज झाला. पालखीच्या झालरीला भोक पडले.

"सरकार, हुकूम मला कळला, पण या मातीला कळलेला दिसत नाही," तुळाजी म्हणाला. "आमच्यात रीतच आहे, रस पडताना देवीला घंटा वाहणाऱ्याने साच्यावर हात ठेवायचा. या, हात ठेवा आणि तुम्हीच तिला दरडावा. मी लगेच ओततो."

किल्लेदारांचा एक पाय पालखीबाहेर आला, पण जमिनीला टेकला नाही.

"जोशीबुवा, परवाचा मुहूर्त कसा आहे?"

"आजच्याहून उत्तम, सरकार!" जोशीबुवा पालखीच्या मागून ओरडले.