ओढ्यापलीकडचा ढोल

कधीकाळची गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. आपल्यासारखी माणसं तेव्हाही होती, एवढं पुरे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. दर बारा वर्षांनी तीन दिवस सगळं गाव रिकामं करायचं, अशी तिथली चाल होती. ते तीन दिवस गावावर वेशीबाहेरच्या पिशाचाचा हक्क असे. माणसं गुराढोरांसकट ओढ्यापलीकडच्या माळावर जाऊन राहत. जो मध्येच परत फिरेल तो सगळ्या गावावर संकट आणेल, असं पुजारी सांगे. पिशाच कोणी पाहिलं नव्हतं. पुजाऱ्याला मात्र सगळे रोज पाहत.

त्या गावात देवापुढे ढोल वाजवणारा एक माणूस होता. निघायच्या आदल्या दिवशी त्याची आई पडली आणि तिच्या कमरेचं हाड मोडलं. जरा हलवलं तरी ती कळवळे. मी तिच्याजवळ थांबतो, असं तो म्हणाला. पुजाऱ्याने त्याला अंगारा दिला आणि हा लावलेल्या माणसाला पिशाच शिवत नाही, असं बजावलं. आईनेही पुजाऱ्याचीच री ओढली.

"जा तू," ती म्हणाली. "देव आहे, आणि तू काय, ओढ्यापलीकडेच आहेस."

त्याने तिला अंगारा लावला, उशाशी पाण्याचं मडकं आणि भाकऱ्या ठेवल्या, आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गावाकडून घोगऱ्या आवाजात हाक आली.

"मडकं लवंडलंय. म्हातारी पाणी मागतेय. कोणीतरी या."

माळावर सगळ्यांचं धाबं दणाणलं. ढोलवाला उठला, तसा पुजाऱ्याने त्याचा दंड धरला. पिशाच असंच आईचं नाव घेऊन भुलवतं, म्हणाला. तू गेलास तर ही सगळी लेकरंबाळं मरतील. तुझी श्रद्धा एवढी कच्ची कशी? ढोल वाजव, म्हणजे ती हाक कोणाच्या कानावर पडणार नाही.

सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने ढोल गळ्यात अडकवला. हाक आली की तो आणखी जोरात वाजवी. तिसऱ्या दिवशी सकाळी हाक थांबली, तेव्हा लोक पुजाऱ्याच्या पाया पडले.

संध्याकाळी गाव परतलं. म्हातारी अंथरुणावरून सरपटत दारापर्यंत आली होती आणि तिथेच गेली होती. अंगारा नीट लावला नसेल, असं पुजारी म्हणाला. एका जिवावर गाव वाचलं, असंही म्हणाला. गावाने मोठा प्रसाद केला.

मुलगा प्रसादाला थांबला नाही. तो वेशीवर गेला आणि त्याने बाहेरच्या मोकळ्या रानाला विचारलं, "तिला का मारलंस?"

"मी नाही मारलं," तोच घोगरा आवाज म्हणाला. "मला हात असते तर मीच पाणी पाजलं असतं. हाक तेवढी मारता येते, ती मारली."

"मरताना ती काय म्हणाली?"

पिशाच म्हणालं, "शेवटपर्यंत एकच म्हणत होती. ढोल ऐकू येतोय, म्हणजे माझा मुलगा जवळच आहे, येईलच आता."

त्या माणसाने पुन्हा ढोलाला हात लावला नाही. बारा वर्षांनी गाव पुन्हा माळावर गेलं. ढोल वाजवायला दुसरा मिळाला.

तात्पर्य: भीतीला श्रद्धा म्हणून पुजणारा माणूस, त्याच्यावरच आशा लावून बसलेल्याचा घात करतो.