घसरगुंडीचा सांधा

एकदा एक सुतार आपल्या वृद्ध गुरुजींकडे तोंड पाडून आला. केरबा त्याचं नाव. तो बालवाडीसाठी घसरगुंडी करत होता. वरची फळी सरळ, खालचा भाग वक्र. पण दोन्ही जुळत तिथे मुलांना दणका बसे. दोनदा त्याने अंदाजाने फळी बसवली, दोनदा उखडली. आता चुकलं तर काम दुसऱ्याला देऊ, असं बालवाडीच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. पहिलंच स्वतंत्र काम हो त्याचं! लाजेने अर्धमेला झाला होता बिचारा.

गुरुजी गणिताचे. त्यांनी अंगणात प्लायवूडवर तो वक्र पुऱ्या मापात काढायला लावला: खालच्या टोकापासूनच्या आडव्या अंतराचा वर्ग भागिले चार, ती उंची. सांधा दोन फुटांवर; तिथे वक्राचा जो चढ, तोच फळीला दिला की दणका बसणार नाही. तिथे एक खिळा, वक्रावर पुढे दुसरा, मध्ये ताणलेली दोरी. वाढलेल्या उंचीला वाढलेल्या अंतराने भागलं, की दोरीचा चढ मिळतो. केरबा पडला अतिशहाणा! चढ सांध्यावरचाच हवा ना, मग दुसरा खिळाही त्याने पहिल्याला खेटून त्याच भोकात ठोकला. दोरी लोंबली. हाती आलं शून्य भागिले शून्य.

गुरुजींनी तो खिळा उपटला आणि थेट चार फुटांवर ठोकला. केरबा चक्रावला, हवं होतं जवळचं आणि हे निघाले लांब. तिथे चढ आला दीड. मग खिळा तीन फुटांवर आणला, तर सव्वा. आणखी जवळ आणला, १.१. अगदी जवळ, १.०१.

"हा आकडा कुठे निघालाय?" गुरुजींनी विचारलं.

"एकाकडे," केरबा हळूच म्हणाला.

"दोन बिंदूंत अंतर आहे तोवरच भागाकार होतो, बाबा. तो आधी उरकून घे. उरतं काय, तर एक अधिक त्या अंतराचा चौथा हिस्सा. आता अंतर खुशाल शून्याकडे जाऊ दे. चढ बरोबर एक उरेल. हाच स्पर्शिकेचा चढ, आणि हेच कलनशास्त्र. तू वाट न चालताच मुक्कामाला जाऊन बसलास. काही ठिकाणी उडी मारून पोचता येत नाही. जवळ जात राहावं, म्हणजे ते ठिकाण स्वतःच आपला पत्ता सांगतं."

एक फूट पुढे, एक फूट वर, या चढाने केरबाने बालवाडीत जाऊन फळी बसवली. मुलांना सोडण्याआधी तो स्वतःच वर चढून बसला आणि घसरत खाली वाळूत आला.

"गुरुजी, सांधा गेला कधी?"

हातातली काठी बाईंकडे देऊन गुरुजी घसरगुंडीची शिडी चढत होते.